विहिणीच्या शेळ्यांना जुळं का होतं

आमच्या गावच्या बाया देवाला जातात, माहेरी जातात, नाहीतर दवाखान्यात जातात. मी शेळ्या बघायला गेले, आणि त्याही दुसऱ्यांच्या. गावात हसू व्हायचं ते झालं. पण परत आल्यावर हसणाऱ्याच बाया एकेक करून ओट्यावर आल्या आणि काय पाहिलं म्हणून विचारू लागल्या. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढी पुरते. घरी आम्ही अहिराणी बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून बहुतेक साध्या मराठीत लिहिलं आहे, पण काही बोलणी जशीच्या तशी ठेवली, कारण बदलली की त्यांची चव जाते.

आमचं गाव गिरणेच्या काठावर, भडगावपासून जवळ. माझ्याकडे सहा शेळ्या. एक शेळी एका वेळी एकच करडू देते. गावात सगळ्यांकडे तसंच, म्हणून त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. माझी सून मनीषा धुळ्याकडची, सोनगीरजवळच्या खेड्यातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी जाऊन आली आणि सांगू लागली की आईच्या शेळ्यांना दोन-दोन करडं झाली आणि एकीला तर तीन. माझ्या मुलाने, संजयने, लगेच धागा पकडला. म्हणाला, मग आपल्या शेळ्या कशासाठी चारायच्या? विकून टाकू आणि त्या जागेवर मोटारसायकलला सावली करू.

मी म्हटलं, आधी मी जाऊन बघते. खरं असेल तर कारण शोधते, खोटं असेल तर तुझ्या सासूच्या तोंडावर सांगते. तो म्हणाला, बघून ये, तू आलीस की शेळ्या बाजारात नेतो.

शेळ्या गेल्या तर मी दिवसभर काय करणार, याचा विचार कोणी केला नव्हता. मी भजनाला बसणाऱ्यांतली नाही. सुनेच्या स्वयंपाकात हात घातला तर चार दिवसांत भांडण होईल. राहिला टीव्ही, आणि त्यातल्या बाया दागिने घालून झोपतात, ते मला बघवत नाही.

माझा धाकटा दीर, नाना, बरोबर निघाला. नानाकडे बोकड आहे, त्याचं नाव राजा. पांढरा, लांब कानांचा, उंचीला वासराएवढा. सगळ्या गावच्या शेळ्या त्याच्याकडेच येतात. विहिणीने फोनवर मनीषाला म्हटलं होतं की दोष बोकडाकडे बघा, आणि ते नानाच्या कानावर गेलं होतं. तेव्हापासून नाना नीट जेवत नव्हता. त्याच्या मोबाइलमध्ये नातवंडांपेक्षा राजाचे फोटो जास्त आहेत. गावात मात्र त्याने सांगितलं की मुक्ताईच्या दर्शनाला चाललो आहे, वहिनी सोबतीला येतात. म्हणून आमचा रस्ता सरळ धुळ्याला न जाता आधी उलट्या दिशेला गेला.

नशिराबाद

पहिला मुक्काम हसनभाईंकडे. हे शेळ्या-बोकडांचे व्यापारी. आमच्या गावात ते इतकी वर्षं येतात की कुत्री त्यांच्यावर भुंकत नाहीत. नानाचं म्हणणं असं की राजाबद्दल खरं काय ते हसनभाई सांगतील, त्यांना पारख आहे.

एसटीत नानाने राजाचा फोटो कंडक्टरला दाखवला. कंडक्टरने तिकिटाचे सुटे मागितले.

हसनभाईंच्या घरी पोचलो तेव्हा ऊन असं होतं की पायाखालचा रस्ता मऊ लागत होता. त्यांच्या बायकोने, भाभीने, आधी माठातलं पाणी दिलं आणि कोण काय खातं ते विचारून घेतलं. नाना माळकरी. बोकड वाढवतो, खाणाऱ्याला विकतो, स्वतः खात नाही. त्याच्यासाठी शेवेची भाजी झाली आणि माझ्यासाठी मटण. भाभीचा रस्सा आमच्यापेक्षा पातळ आणि तिखट, वर तेलाचा तवंग. घाम पुसत पुसत खाल्लं. नाना माझ्या ताटाकडे बघत नव्हता, म्हणजे बघत होता.

जेवण झाल्यावर हसनभाईंनी मागच्या अंगणात नेलं. तिथे जाळीच्या दोन कप्प्यांत करडं होती. एका कप्प्यात आमच्या बाजूची. त्यांतलं एक तर मीच विकलेलं होतं, त्याने मला ओळखलं नाही. दुसऱ्या कप्प्यात शिरपूरकडची जुळ्यातली, वय तेवढंच. आमची भरलेली आणि चमकदार, ती दुसरी किडकिडीत.

“सीधी बात आहे, अक्का,” हसनभाई म्हणाले. “तुमच्याकडे एकटा सगळं दूध पितो. तिथे एका थानाला दोघं भांडतात.”

नानाने मोबाइलमधला राजाचा फोटो पुढे केला. हसनभाईंनी मोबाइल लांब धरून बघितला आणि असा माल खानदेशात नाही, असं म्हणाले. नानाची छाती फुगली. मी म्हटलं, बोकड विकत घेणारा माणूस बोकडाची तारीफ करतो तेव्हा बोकडाने पळावं. हसनभाई खूप हसले. त्यांना मी सरळ विचारलं, की बाजारात दोन बारकी जास्त भरतात की एक मोठं?

“दोन मिळून जास्तच भरतात. पण मला दोनदा उचलावं लागतं ना.”

नानाने या उत्तरातलं त्याला हवं तेवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत तो भाभीला सांगत होता की पुढचा बोकड निवडताना सगळ्या गावातलं सगळ्यात मोठं करडू आपण कसं हेरतो. त्याच्या बापानेही तसंच निवडलं आणि बापाच्या बापानेही. भाभी भांडी लावत हो हो म्हणत होती. मला ते ऐकून काहीतरी खटकलं, पण मटण जास्त झालं होतं, मी झोपले.

मुक्ताईनगर

इकडे आलं की आमच्या बाजूचं काही ओळखीचं राहत नाही. आमच्याकडे कापूस निघाला की रान बोडकं पडतं. इकडे भर उन्हाळ्यात केळीचे बाग हिरवेगार, आणि शेळ्यासुद्धा केळीची पानं खातात. आमच्या शेळ्यांना हे सांगितलं तर घर सोडून जातील.

दर्शनाला गर्दी नव्हती. नाना डोळे मिटून एवढा वेळ उभा राहिला की मागच्या बाईने त्याला बाजूला सरकवलं. बाहेर आल्यावर काय मागितलं ते विचारलं. विहिणीचं बोलणं खोटं निघू दे, असं त्याने मागितलं होतं. मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन दुसऱ्याच्या शेळ्यांचं वाईट मागितलंत, तुमची माळ काढून ठेवा.

फुलं विकणारी एक बाई बाहेर सावलीत बसली होती. तिच्या मागे खुंट्याला दोन शेळ्या बांधल्या होत्या. मी तिला विचारलं, तुझ्या शेळ्या किती देतात? तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. देवळाबाहेर तिला हे कोणी विचारलं नसावं.

“पह्यल्या वेताले एकच,” ती म्हणाली. “मंग दोन. म्हतारी झाली का पुन्ना एक. आपल्या मनावर राह्यते का, माय?”

मी तिच्याजवळ बसूनच घेतलं. आमचा संजय काय करतो, तर शेळी दोन वेळा व्याली आणि एकेकच दिलं, की हिच्यात दम नाही म्हणून विकतो आणि तिच्या जागी तरणी पाठ, अजून न व्यालेली शेळी, बांधतो. म्हणजे जिथून दोनचा हिशेब सुरू व्हायचा, तिथेच आमची शेळी हसनभाईंच्या टेम्पोत चढते. मी नानाला हे सांगितलं. नाना खूश झाला. म्हणाला, बघा, दोष संजयचा निघाला, राजाचा नाही. प्रसादाचे पेढे त्याने तिथेच अर्धे खाल्ले.

सोनगीरकडे

धुळ्याला उतरून सोनगीरची गाडी धरली. नानाने स्टँडवर नवं उपरणं घेतलं. विहिणीच्या दारात जुनं नको, असं त्याचं म्हणणं.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. माझ्यापेक्षा वयाने थोड्या लहान, तोंडाने मोठ्या.

“या, या. शेळ्यास्ले भेटाले उनात का आम्हले?”

मी सांगितलं, शेळ्यांना. त्या म्हणाल्या, बरं झालं, खरं बोललात, आधी जेवा.

खापरावरचे मांडे आणि आमरस. विहिणीचे हात मांडा करताना बघण्यासारखे. पुरण भरलेला गोळा हातावर नाचवत नाचवत रुमालाएवढा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. मला ते आता जमत नाही, खांदे दुखतात. मांडे चांगले होते, हे मी त्यांना सांगितलं. रस जरा पातळ होता, तेही सांगितलं. नानाने चार मांडे खाल्ले आणि पाचव्याला नको म्हणाला, म्हणजे पोटात धास्ती होती.

मग गोठ्यात गेलो. मी मोजायला म्हणूनच गेले होते, पण मोजायची गरज पडली नाही. प्रत्येक शेळीच्या दोन्ही बाजूंनी एकेक शेपटी हलत होती. एका म्हाताऱ्या काळ्या शेळीखाली तिसरं करडू जागा मिळत नाही म्हणून तिच्या पाठीवर चढून ओरडत होतं. विहीण खोटं बोलली नव्हती. मला जरा वाईट वाटलं, कारण खोटं पकडायची तयारी मी करून आले होते.

कोपऱ्यात बाभळीच्या वाळलेल्या शेंगांचं पोतं होतं आणि टोपल्यात भिजवलेला मका. एवढ्या कडक उन्हाळ्यात हा थाट कशाला, असं मी विचारलं. आमच्याकडे उन्हाळ्यात शेळ्या रानात काय मिळेल ते चाटून येतात, आणि व्याल्यावर मात्र आम्ही त्यांना मका घालतो, दूध यावं म्हणून.

विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही बाळतीनले खावाडतस. मी नवरीले खावाडस.”

मग त्यांनी समजावलं. पावसाळा लागला की शेळी माजावर येते. त्याआधी तिची हाडं झाकली गेली पाहिजेत. भुकेली शेळी एकच पोसायची हिंमत करते, भरल्या पोटाची दोनाची करते. त्यांच्या सासूने त्यांना हे सांगितलं होतं. माझ्या सासूने मला बाळंतिणीचे लाडू सांगितले, शेळीचं काही सांगितलं नाही.

एवढं होईपर्यंत नाना निर्धास्त होता. दोष निघाला तो संजयचा आणि माझा, राजा अजून स्वच्छ होता. त्याने ऐटीत विचारलं, बोकड कुठे आहे?

विहीणबाईंनी बोट दाखवलं. कुंपणाला एक बुटका, करड्या रंगाचा, एका बाजूला शिंग वाकलेला प्राणी उभा होता. नाना आधी त्याच्या मागे बघू लागला, की खरा बोकड मागे असेल.

“हाऊ बोकड शे का कुत्रं?”

तो बोकडच होता. नाना त्याच्याजवळ गेला, कमरेवर हात ठेवून हसला, मग मोबाइल काढून विहिणीला राजा दाखवू लागला. विहीणबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि मोठा आहे, देखणा आहे असं मान्य केलं. नाना सांगत राहिला, याचा बापही असाच, आमच्या गावात दर वेळी सगळ्यात मोठं करडू राखतात. इकडे त्या बुटक्याने नानाच्या नव्या उपरण्याचं एक टोक तोंडात घेतलं होतं. आम्ही दोघी मजा बघत होतो.

विहीणबाई म्हणाल्या, “हाऊ तीनमधला शे. त्यानी माय बी जुळातली.”

तेव्हा मला हसनभाईंच्या अंगणातले दोन कप्पे आठवले, आणि भाभीसमोर नाना काय बोलत होता तेही. मी विचारलं, “नाना, राजा एकलाच जन्मना व्हता ना?”

“एकलाच. म्हणीसन तं इतला मोठा व्हयना.”

“आनि त्यानी माय?”

“ती बी एकली. आमनं घरमा बठ्ठा बोकड एकलाच...”

तिथे नाना थांबला. त्याच्या हातातला मोबाइल खाली आला. उपरणं अर्धं गेलं होतं, ते त्याला आता दिसलं आणि ते त्याने ओढूनही घेतलं नाही.

कळायला अवघड काहीच नव्हतं. सगळ्यात मोठं करडू मोठं का, तर ते एकटं दूध पितं. ते आम्ही राखायचं आणि कधीकाळी कोणाकडे जुळं झालंच, तर बारकं म्हणून बाजारात काढायचं. नाना, त्याचा बाप, त्याच्या बापाचा बाप, सगळ्यांनी हौसेने आणि अभिमानाने एक देणारं घराणं निवडून निवडून घट्ट केलं होतं. गावातल्या निम्म्या शेळ्या तर राजाच्याच लेकी, आणि त्याही पुन्हा त्याच्याकडेच येतात. सोयरीक बघायला आपण दहा गावं फिरतो आणि शेळीला गल्लीबाहेर नेत नाही.

नानाचा चेहरा बघून विहीणबाईंनाही दया आली असावी. त्या म्हणाल्या, “बोकडना हातमा काही नही, नाना. पिल्लं शेळी ठरावस. पन त्या शेळीना बाप कोन?”

दया त्यांना एवढीच जमते.

संध्याकाळी नाना ओट्यावर बसून राहिला. त्याने कोणाला फोटो दाखवला नाही. शेजारचे एक आबा येऊन बसले, गप्पा मारून उठून गेले, तरी नाही. मी चहा नेला तेव्हा त्याने विचारलं, “वहिनी, राजाचं काय करायचं?”

मी म्हटलं, “त्याने काय केलं? तो जन्मला, निवडला तुम्ही. नवा बोकड मोठा होईपर्यंत हा पावसाळा त्यालाच निभवायचा आहे.”

नानाने चहा प्यायला. बशीत ओतून, आवाज करून प्यायला, तेव्हा मला बरं वाटलं.

आता नवा बोकड हवा तर तो मागायला हवा होता, आणि विहिणीकडे मागणं म्हणजे काय ते बायांना सांगायला नको. मी सकाळी मांडे करायला मदत केली, खांदे दुखत असताना. मग म्हटलं, त्या काळ्या शेळीचे तीनही बोकडच आहेत, त्यांतला एक द्या.

विहीणबाईंनी खापरावरून नजर काढली नाही. “पोर तुम्हले दिधी, आते बोकड बी ली जातस का?”

मग अट आली. पुढच्या आखाजीला मनीषा महिनाभर माहेरी राहील. आमच्या घरून तिला आठ दिवसांच्या वर कधी मिळालं नव्हतं, आणि ते मीच ठरवत होते. मी म्हटलं, पंधरा दिवस. त्या म्हणाल्या, मग करडाचे पुढचे दोन पाय ली जा. मी पुरणाचे आणखी चार गोळे भरले. शेवटी मी महिना कबूल केला आणि तीनांतलं माझ्या पसंतीचं घेणार म्हणाले. मी सगळ्यात मोठ्याकडे बोट केलं. विहीणबाई हसल्या. मग माझ्याही लक्षात आलं, आणि मी म्हटलं, कोणतंही द्या. तीनही एकाच आईची.

घरी

परतीला एसटीत करडू घेईनात. एका टेम्पोवाल्याने पारोळ्यापर्यंत आणलं, तिथून दुसऱ्याने. करडू सगळा रस्ता नानाच्या मांडीवर होतं आणि नानाचा पांढरा लेंगा पारोळ्यापर्यंत पांढरा राहिला नाही. दोनदा त्याने करडू माझ्याकडे द्यायला बघितलं. मी झोपेचं सोंग घेतलं.

संजय दारात होता. करडाकडे बघून म्हणाला, शेळ्या विकायच्या ठरलं होतं, तू आणखी एक आणलंस, तेही असलं. मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन वेताला शेळी विकायची नाही. उन्हाळ्यात शेंगा वेचायच्या. आणि हा बोकड पुढच्या वर्षी लागेल, मग याच्या लेकी होतील, त्या मोठ्या होतील, त्या व्यायला लागतील, तेव्हा दिसेल.

“म्हणजे किती वर्षं?”

“तीन-चार पावसाळे.”

“तोवर शेळ्या विकायच्या नाहीत?”

मी म्हटलं, लेकीच नसतील तर दिसणार काय? आत मनीषा पदर तोंडाला लावून हसत होती. तिला पुढच्या आखाजीचा महिना अजून सांगितला नव्हता, नाहीतर मोठ्याने हसली असती.

राहिलेला उन्हाळा मी आणि मनीषाने बाभळीखाली शेंगा वेचत घालवला. पाऊस लागेपर्यंत माझ्या शेळ्यांची हाडं झाकली होती. फळवायला राजाच होता, दुसरा होता कोण. परवा थंडी सुरू झाली तेव्हा शेळ्या व्याल्या. सहांपैकी दोघींना जुळी झाली. आमच्या गोठ्यात हे मी पहिल्यांदा बघितलं.

नाना सगळ्या गावात सांगत सुटला की राजाने नाव राखलं. मी म्हटलं, ते शेंगांचं काम. तो म्हणाला, शेंगा कधी बाप झाल्यात का? संजयची मोटारसायकल अजून उन्हातच उभी असते.

काल नाना करडं बघायला आला. जुळी दोन्ही बारकी, लुटूलुटू चालणारी. बाजूला एका शेळीचं एकुलतं एक, पांढरंशुभ्र, लांब कानांचं, आत्ताच दांडगं, थेट राजाचा तोंडवळा. नाना जुळ्यांपाशी बसला, पण हात आपोआप त्या पांढऱ्याकडे गेला.

“वहिनी, याच्याकडे बघा तरी. पुढे राखायला...”

मी त्याच्या हातावर चापट मारली. म्हटलं, ते हसनभाईंचं.

नानाने हात मागे घेतला. मग खिशातून मोबाइल काढला.

“फोटो तरी काढू द्या.”

काढा म्हटलं.